सेवा केंद्राचा संगणक आणि नागरिकाचा खासगीपणा

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना उद्देशून दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यवतमाळ हा सोळा तालुक्यांचा विस्तीर्ण जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजारांहून अधिक होती. पुसद-उमरखेडपासून वणी-झरीजामणीपर्यंत पसरलेल्या या भूभागात कापूस पिकविणारा शेतकरी, तांड्यावरील बंजारा कुटुंब आणि पोडावरील कोलाम कुटुंब या सर्वांना शासनाशी पडणाऱ्या कामासाठी एकेकाळी तालुक्याच्या कचेरीत खेटे घालावे लागत. आज त्यांतील पुष्कळशी कामे गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या ‘आपले सरकार सेवा केंद्रा’च्या एका टेबलावर होतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, सातबारा, मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे संगणकाच्या पडद्यावरून जाते. इतकेच नव्हे, तर २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठीदेखील भारतीय कापूस निगमाने शेतकऱ्यांना ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी करावयास सांगितले.

या सोयीचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. सेवा केंद्राच्या एकाच संगणकावर दिवसभरात अनेक नागरिकांची कामे होतात. प्रत्येकाचा आधार क्रमांक, बँक खाते, जमिनीचा गट क्रमांक, मुलांची जन्मतारीख त्या यंत्रातून जाते. नागरिक दाखला घेऊन घरी जातो. त्याच्यामागे त्या संगणकात काय उरते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. या प्रश्नाचे उत्तर मुख्यत्वे ‘ब्राउझर’ या एका साधनाच्या हाती असते.

लॉगिनचे मोल

प्रारंभीच जिल्ह्यातील एका घटनेचा उल्लेख करणे आवश्यक आहे. २०२५ च्या अखेरीस आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावे नागरी नोंदणी प्रणालीत अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघडकीस आले. गावची वस्ती दीड हजाराच्या आसपास. गावाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट बालके तीन महिन्यांत जन्मास येणे अशक्य, हे सांगावयास नकोच. या नोंदी कोणी व कशा केल्या, हा तपास यंत्रणेच्या कक्षेतील विषय आहे. त्याविषयी तर्क लढविणे उचित नाही, आणि तो प्रकार ब्राउझरच्या दोषामुळे घडला असे म्हणण्यासही आधार नाही. मात्र या घटनेतून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली. लहानशा ग्रामपंचायतीचे लॉगिन हे देखील फार मोलाचे असते. पूर्वी ग्रामपंचायतीचा शिक्का कुलूपबंद कपाटात ठेवीत. आज तो शिक्का ब्राउझरमध्ये असतो, आणि कपाट उघडे आहे की बंद हे डोळ्यांना दिसत नाही.

कुकी म्हणजे काय

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळांची पाने मागवून ती पडद्यावर दाखविणारे साधन. ही देवाणघेवाण ज्या पद्धतीने चालते तिचा एक स्वभाव असा, की तिला स्मरणशक्ती नाही. पहिले पान मागणारा आणि दुसरे पान मागणारा मनुष्य एकच आहे, हे पलीकडच्या संगणकाला आपोआप कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने एक युक्ती योजिली. तीच ‘कुकी’.

कापूस उत्पादक जिल्ह्याला ही युक्ती समजावून सांगणे कठीण नाही. कापसाची गाडी बाजाराच्या आवारात शिरली की शेतकऱ्याला नंबराची पावती मिळते. पुढे वजनकाट्यावर, प्रतवारीच्या ठिकाणी, हिशेबाच्या खिडकीवर तो केवळ पावती दाखवितो. प्रत्येक ठिकाणी नाव, गाव, वाण पुन्हा सांगावे लागत नाही. संकेतस्थळही पहिल्या भेटीत ब्राउझरच्या हाती अशीच एक क्रमांकाची चिठ्ठी देते आणि ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर दाखवितो. एक कुकी साधारणतः ४ किलोबाइटांपेक्षा मोठी नसते. तिच्यात पासवर्ड असतोच असे नाही. बहुधा केवळ एक लांबलचक क्रमांक असतो.

परंतु पावतीच्या सोयीतच तिचा धोका आहे. ज्याच्या हाती पावती, त्याचा कापूस. लॉगिन झाल्यानंतर मिळालेली कुकी दुसऱ्याच्या हाती पडली, तर त्याला पासवर्ड लागत नाही आणि पुष्कळदा ओटीपीही लागत नाही. संकेतस्थळ त्यालाच मूळ मालक समजते. सेवा केंद्रात एका नागरिकाचे खाते उघडे राहिले आणि पुढच्याचे काम त्याच खिडकीत सुरू झाले, तर पहिल्याच्या खात्यात दुसऱ्याची माहिती भरली जाणे ही शक्य कोटीतील गोष्ट आहे.

परक्याची वही

इथवर सांगितलेली कुकी ही ज्या संकेतस्थळाला भेट दिली त्याचीच असते. याखेरीज दुसरी एक जात आहे. आजकालच्या एका पानावर अनेकांचे तुकडे जोडलेले असतात. बातमी एका वृत्तपत्राची, जाहिरात दुसऱ्या कंपनीची, वाचकांची मोजणी करणारे यंत्र तिसऱ्याचे. हे तिसरे पक्षही आपापली कुकी ठेवू शकतात.

कल्पना करावी, की बियाण्याच्या दुकानात, औषधाच्या दुकानात आणि शाळेच्या फाटकाशी एकाच परक्या इसमाने आपली माणसे बसविली आहेत. प्रत्येक येणाऱ्याच्या हाती ती एकच बिल्ला देतात आणि त्या क्रमांकापुढे वहीत लिहीत जातात : सकाळी सोयाबीनचे बियाणे पाहिले, दुपारी मधुमेहाची गोळी विचारली, सायंकाळी मुलीच्या प्रवेशाची चौकशी केली. त्या माणसाला नाव सांगितलेले नाही. तरी वही भरली की नाव सांगण्याची आवश्यकताही उरत नाही. जाहिरातदारांची ‘ट्रॅकिंग’ यंत्रणा म्हणजे हीच वही. फुकट सेवेचा आवळा देऊन माहितीचा कोहळा काढण्याचा हा व्यवहार आहे.

हा धोका जाणकारांना पूर्वीच उमगला होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये कुकीसंबंधीचे पहिले तांत्रिक नियमपत्र प्रसिद्ध झाले. अशा परक्या कुकी ब्राउझरने मूलतः स्वीकारू नयेत, असाच त्याचा आशय होता. मात्र तत्कालीन प्रमुख ब्राउझरांनी तो मानला नाही आणि त्यानंतरची दोन दशके ही वही भरत गेली.

स्क्रिप्ट : पाहुणा कारागीर

संकेतस्थळाच्या पानाबरोबर छोटे छोटे आज्ञासंच येतात आणि ते वापरणाऱ्याच्या संगणकावर चालतात. यांना ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. ज्या भाषेत त्या बहुतांशी लिहिल्या जातात ती जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपमध्येच ब्रेंडन आइक यांनी तयार केली.

स्क्रिप्ट ही स्वभावतः वाईट गोष्ट नव्हे. अर्जात जिल्हा ‘यवतमाळ’ निवडताच पुढच्या चौकटीत बाभूळगाव, कळंब, राळेगाव, घाटंजी अशी तालुक्यांची यादी उघडते, हे स्क्रिप्टचे काम. आधार क्रमांकाचा एक अंक कमी पडला की लाल अक्षरांत सूचना येते, तेही तिचेच काम. किंबहुना स्क्रिप्टशिवाय आज बहुतेक शासकीय अर्ज भरताच येणार नाहीत.

तथापि स्क्रिप्ट म्हणजे घरात बोलावलेला कारागीर. कपाट दुरुस्त करता करता घरात काय काय आहे हे तो पाहू शकतो. पडद्याची लांबी-रुंदी, संगणकातील अक्षरवळणे, भाषा, वेळेचा प्रदेश, चित्र काढण्याची त्या यंत्राची विशिष्ट पद्धत या खुणा एकत्र करून स्क्रिप्ट त्या संगणकाचा जणू ‘ठसा’ घेते. हा ठसा एकदा घेतला की कुकी पुसून टाकली तरी ओळख शिल्लक राहते. म्हणून केवळ कुकी पुसणे हा पुरेसा उपाय नव्हे.

लोकल स्टोरेज : संगणकातील खण

तिसरा भाग ‘लोकल स्टोरेज’ हा होय. कुकी ही खिशातील पावती असेल, तर लोकल स्टोरेज म्हणजे घरातीलच कपाटाचा एक खण, ज्याची किल्ली संकेतस्थळाकडे असते. त्यात सामान्यतः ५ मेगाबाइटांपर्यंत मजकूर मावतो, म्हणजे एका कुकीच्या हजारपटीहून अधिक. त्यातील मजकूर कुकीप्रमाणे प्रत्येक मागणीबरोबर बाहेर जात नाही. पानावरील स्क्रिप्टच तो वाचते. त्याला मुदत नसते. मुद्दाम पुसल्याखेरीज तो महिनोन्महिने तसाच राहू शकतो. ‘सेशन स्टोरेज’ नावाचा त्याचा धाकटा भाऊ मात्र टॅब बंद करताच रिकामा होतो.

याचा उपयोगही आहे. अर्ज अर्धवट असताना वीज गेली किंवा जोडणी तुटली, तर भरलेला मजकूर या खणात राहिल्यामुळे श्रम वाचतात. परंतु सार्वजनिक संगणकावर हीच गोष्ट उलटते. सकाळी अर्ज भरणाऱ्या विधवा भगिनीचा अर्धवट मजकूर सायंकाळी दुसऱ्याच्या पडद्यावर दिसू नये, याची तजवीज कोणीतरी करावयास हवी. आणखी एक बाब तंत्रज्ञांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्या संकेतस्थळाच्या पानात समाविष्ट केलेली कोणतीही स्क्रिप्ट, मग ती बाहेरून आणलेली का असेना, त्या संकेतस्थळाचा खण वाचू शकते. उलट कुकी अशी ठेवता येते की स्क्रिप्टला ती मुळीच वाचता येत नाही. म्हणून लॉगिनचा क्रमांक लोकल स्टोरेजमध्ये ठेवणे हे कमी सुरक्षित मानले जाते.

खासगीपणा जपणारे ब्राउझर काय करतात

गेल्या काही वर्षांत या तिन्ही बाबींवर बंधन घालणारे ब्राउझर लोकांच्या उपयोगास आले आहेत. त्यांच्या पद्धती भिन्न असल्या तरी तत्त्वे तीनच आहेत : परक्याला अडविणे, प्रत्येकाला वेगळे ठेवणे आणि काम संपताच पुसणे.

अ‍ॅपलच्या सफारीने मार्च २०२० पासून परक्या कुकी पूर्णपणे बंद केल्या. एखाद्या संकेतस्थळावर वापरणाऱ्याने सात दिवसांच्या वापरात काहीच व्यवहार केला नाही, तर स्क्रिप्टने तेथे साठविलेला मजकूरही सफारी पुसून टाकतो. मोझिलाच्या फायरफॉक्सने जून २०२२ पासून संगणकावरील सर्व वापरकर्त्यांसाठी ‘प्रत्येक संकेतस्थळाला वेगळी बरणी’ ही पद्धत मूलतः लागू केली. तीत परका इसम बिल्ला देऊ शकतो. पण बियाण्याच्या दुकानातील बिल्ला औषधाच्या दुकानात चालत नाही. त्यामुळे वहीतील नोंदी एकमेकींना जोडता येत नाहीत.

जावास्क्रिप्टचे जनक ब्रेंडन आइक यांनीच ब्रायन बाँडी यांच्यासमवेत २०१५ मध्ये ‘ब्रेव्ह’ ब्राउझरची कंपनी स्थापिली, हा योगायोग लक्षणीय आहे. हा ब्राउझर ज्ञात पाळत-स्क्रिप्टांची यादी बाळगतो आणि त्या यादीतील स्क्रिप्ट आणतच नाही. इतर स्क्रिप्टांना मात्र चालू देतो. परक्या तुकड्यांना तो तात्पुरता खण देतो आणि त्या संकेतस्थळाचा शेवटचा टॅब बंद होताच तो रिकामा करतो. ठसा घेऊ पाहणाऱ्या स्क्रिप्टला तो दर खेपेस किंचित वेगळी उत्तरे देतो, म्हणजे ठसा जुळत नाही. टॉर ब्राउझरची रीत याच्या उलट : सर्वांचा ठसा शक्य तितका एकसारखा दिसावा, म्हणजे गर्दीत एकटा ओळखू येणार नाही. त्यातील सर्वोच्च सुरक्षा पातळी निवडल्यास सर्व संकेतस्थळांवरील जावास्क्रिप्ट बंद होते आणि ब्राउझर बंद करताच मागची खूण राहत नाही.

भारतातही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. बंगळूरच्या ‘हिडन रिफ्लेक्स’ कंपनीने २०१० मध्ये ‘एपिक’ ब्राउझर आणला आणि २०१३ मध्ये त्याला खासगीपणा जपणारे रूप दिले. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्वदेशी ब्राउझरच्या विकासासाठी स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये तिचा निकाल लागून ‘झोहो’ ही कंपनी प्रथम आली. तिचा ‘उला’ हा ब्राउझर खासगीपणावर भर देणारा आहे.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या क्रोमची गोष्ट वेगळी आहे. परक्या कुकी दोन वर्षांत बंद करण्याचा मनोदय गुगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केला होता. तो वारंवार लांबणीवर पडला, जुलै २०२४ मध्ये सोडून देण्यात आला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी वेगळी विचारणाही न करण्याचे ठरले. तेव्हा सेवा केंद्रात क्रोमची नेहमीची खिडकी वापरली जात असेल, तर परक्या कुकी तेथे मूलतः चालू आहेत असे समजावे. त्याच्या ‘इन्कॉग्निटो’ खिडकीत त्या मूलतः अडविल्या जातात.

अतिरेकही नको

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. जितके अधिक बंद, तितके अधिक सुरक्षित, असे मानून सर्व काही बंद केले तर नागरिकाचेच काम अडते. शुल्क भरण्याचे पान पुष्कळदा दुसऱ्या संस्थेचे असते. परक्या कुकी कडक रीतीने अडविल्यास तेथे व्यवहार मध्येच थांबू शकतो. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या यंत्राची सेवा त्याच संगणकात चालू असते आणि पानावरील स्क्रिप्टला तिच्याशी बोलावे लागते. संकेतस्थळांनी संगणकाच्या आतील सेवांशी बोलण्यावर काही ब्राउझरांनी निर्बंध घातले आहेत. ते उचित आहेत, कारण पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टही तीच वाट वापरू शकतात. परंतु परिणामी यंत्र चालू असूनही ‘यंत्र सापडत नाही’ अशी सूचना येऊ शकते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा अखेरचा दिवस असेल आणि पान उघडत नसेल, तर त्या विद्यार्थ्याला खासगीपणाचे व्याख्यान उपयोगी नाही.

अशा वेळी केंद्रचालक बहुधा संरक्षण कायमचेच काढून टाकतो, आणि तेथेच चूक होते. योग्य मार्ग असा : प्रथम पत्त्याची पट्टी वाचावी. शासकीय संकेतस्थळाचा पत्ता, पहिल्या तिरप्या रेषेपूर्वीच्या भागात, ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ येथे संपतो. मध्येच कोठेतरी ‘गव्ह’ हे अक्षर असणे पुरेसे नाही. पत्ता खरा असेल, तर केवळ त्याच संकेतस्थळापुरते संरक्षण सैल करावे. ब्रेव्हमध्ये सिंहाच्या चिन्हावर आणि फायरफॉक्समध्ये ढालीच्या चिन्हावर टिचकी मारून हे करता येते. उर्वरित जगासाठी फाटक बंदच राहते.

केंद्रचालकांसाठी शिस्त

यंत्र कितीही चांगले असले तरी शिस्तीवाचून ते निरुपयोगी ठरते. सेवा केंद्रांनी व ग्रामपंचायतींनी पुढील सवयी अंगी बाणवाव्यात.

पहिली गोष्ट, नागरिकाचे स्वतःचे खाते उघडावयाचे असेल तेव्हा खासगी खिडकी वापरावी आणि त्याचे काम संपताच सर्व खासगी खिडक्या बंद कराव्यात. ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. एक खिडकी बंद केली आणि दुसरी खासगी खिडकी उघडी राहिली, तर दोहोंची पावती एकच असल्यामुळे पहिल्याचे लॉगिन जिवंत राहते.

दुसरी, खिडकी बंद करण्यापूर्वी ‘लॉगआउट’ अवश्य करावे. खिडकी बंद केल्याने आपल्याकडील पावती फाटते. लॉगआउटने पलीकडच्या खिडकीवरील नोंदही रद्द होते. पावतीची नक्कल कोणी केलीच असेल, तर तीही मग निरुपयोगी होते.

तिसरी, शासकीय लॉगिनसाठी स्वतंत्र ब्राउझर किंवा स्वतंत्र प्रोफाइल ठेवावे आणि त्यावर चित्रफिती, खरेदी, बातम्या यांपैकी काहीही पाहू नये. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवू नये. ‘लक्षात ठेवू का?’ या प्रश्नाला सार्वजनिक संगणकावर एकच उत्तर आहे : नको.

चौथी, ब्राउझर बंद होताच कुकी व संकेतस्थळांचा साठा पुसला जावा, अशी मांडणी करावी. मात्र अर्धवट अर्ज आधी संकेतस्थळावर जतन करून घ्यावा. अन्यथा खणाबरोबर तोही जाईल.

पाचवी, ब्राउझरला जोडावयाची पूरक साधने शक्यतो टाळावीत. ‘फुकट पीडीएफ’, ‘सवलतीची कुपने’ अशा नावांनी येणाऱ्या साधनास पानावरील सर्व मजकूर वाचण्याची परवानगी दिली, तर बाकीचे सर्व कुलूप व्यर्थ होते.

सहावी, ब्राउझरच्या बाहेरही पाहावे. उतरवून घेतलेले आधार कार्ड ‘डाउनलोड्स’ या कप्प्यात पडून राहते, आणि ते पुसणे ब्राउझरच्या खासगी खिडकीला शक्य नसते. झेरॉक्सच्या बिघडलेल्या प्रती कागदाच्या टोपलीत राहतात. वडापावच्या पुडीला कोणाच्या तरी जातप्रमाणपत्राची प्रत येऊ नये, हीदेखील खासगीपणाचीच बाब आहे.

शाळा आणि पंचायत यांची जबाबदारी

शिक्षकांकडे यू-डायस प्लस, शिष्यवृत्ती अशा प्रणालींद्वारे शेकडो बालकांची माहिती असते. शाळेच्या संगणक कक्षात शिक्षकाचे लॉगिन आणि विद्यार्थ्यांचा वापर एकाच ब्राउझरवर होऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानले असून, बालकांवर पाळत ठेवणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात दाखविणे यांस, नियमांत नमूद अपवाद वगळता, मनाई केली आहे. या अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात यावयाच्या आहेत. मोठ्या कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. या सर्वांच्या मुळाशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिलेला निर्णय आहे. खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार असल्याचे त्यात एकमताने मान्य करण्यात आले.

जिल्हा परिषदा, पंचायत समित्या व नगरपरिषदा स्वतःची संकेतस्थळे करवून घेतात. तेव्हा कंत्राटातच काही अटी घालणे शहाणपणाचे ठरेल. भेटी मोजण्यासाठी परक्या कंपनीची स्क्रिप्ट लावू नये. लॉगिनची कुकी स्क्रिप्टला न वाचता येणारी असावी. थोडा वेळ काम न झाल्यास लॉगिन आपोआप संपावे. आणि केवळ माहिती वाचणाऱ्यासाठी पान स्क्रिप्टशिवायही उघडावे. ग्रामसभेची सूचना वाचण्यासाठी नागरिकाला कोणाचाही बिल्ला गळ्यात अडकवून घ्यावा लागू नये.

ब्राउझरची मर्यादा

हे सर्व सांगितल्यावर ब्राउझर काय करू शकत नाही, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. नागरिकाने स्वतः अर्जात लिहिलेली माहिती संकेतस्थळाकडे जातेच. तिचे पुढे काय होते यावर ब्राउझरचा ताबा नाही. खासगी खिडकी या संगणकावरील खुणा टाळते, परंतु जोडणी पुरविणाऱ्या कंपनीपासून भेट दिलेले संकेतस्थळ लपवीत नाही. खोट्या पानावर कोणी आपण होऊन ओटीपी लिहिला, तर सर्वोत्तम ब्राउझरही हतबल ठरतो. आणि संगणकातच दुष्ट प्रोग्राम शिरला असेल, तर तो चालू लॉगिनची कुकी उचलू शकतो. म्हणून ब्राउझर व संगणक अद्ययावत ठेवणे ही पहिली पायरी आहे.

संमती कोणाची?

शेवटचा मुद्दा तंत्राचा नाही. संकेतस्थळ उघडताच पुष्कळदा एक पट्टी येते आणि ‘सर्व कुकी स्वीकारा’ असे सुचविते. ती पट्टी बहुधा इंग्रजीत असते. तिच्यावर टिचकी मारणारा हात केंद्रचालकाचा असतो. माहिती मात्र टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाची असते. त्याची घरची भाषा कदाचित कोलामी असेल, गोंडी असेल किंवा गोरमाटी असेल. आपल्या वतीने काही मान्य केले गेले, याची त्याला वार्ताही नसते. कायद्याच्या भाषेत संमती ही स्वेच्छेची, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी लागते. घाईत मारलेल्या टिचकीत यांपैकी काहीच नसते.

म्हणून अशा पट्टीवर ‘नाकारा’ किंवा ‘केवळ आवश्यक’ हा पर्याय असेल, तर नागरिकाच्या वतीने तोच निवडावा. नागरिकाला विचारल्याखेरीज त्याचे काहीही देऊ नये, हा साधा नियम आहे. पडदा त्याच्याकडे वळवून काय भरले ते त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे, आणि काम संपल्यावर त्याच्यादेखत लॉगआउट करून ‘तुमचे येथे आता काही राहिले नाही’ असे सांगावे. यासाठी नवा निधी लागत नाही, नवे पद लागत नाही; प्रत्येक अर्जामागे फार तर एक मिनिट जास्त लागते.

पूर्वी गावचा कोतवाल किंवा टपालवाला लोकांची पत्रे वाचून दाखवीत असे. पत्रातील मजकूर त्याला कळे, परंतु तो चावडीवर कधी सांगितला जाणार नाही, हा विश्वास गावाला असे. त्या विश्वासावरच त्याचे काम चाले. सेवा केंद्राच्या चालकाकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आणि शिक्षकाकडे आज तेच काम आले आहे. अंतर एवढेच, की आता मजकूर ऐकणारे अनेक अदृश्य कान त्याच टेबलावरील यंत्रात असू शकतात. ते कान बंद करण्याची साधने उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक विनामूल्य आहेत. येत्या मासिक सभेत प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या केंद्रातील संगणकाचा ब्राउझर एकदा उघडून त्यात कोणाकोणाची लॉगिने व साठविलेले पासवर्ड शिल्लक आहेत हे पाहिले, तर या कामाचा आरंभ तेथेच होईल.